ओट्यावरचा डिजिटल काटा: वरणातली डाळ, फोडणीतलं तेल आणि बरणीतलं मीठ

साखर आटोक्यात ठेवायची, रक्तदाब वाढू द्यायचा नाही, पोट कमी करायचं असं घरात ठरलं की सगळ्यात आधी अंगाचं वजन करायचा काटा येतो. पाठोपाठ पावलं मोजणारा मनगटावरचा पट्टा येतो. या दोन्हींपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची वस्तू मात्र केक करणाऱ्यांची समजून दुकानातच राहते. ती म्हणजे स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा. हे परीक्षण मुख्यतः त्याचं आहे. शेवटी पोटाचा घेर मोजायची टेप आणि तो पट्टा यांच्याबद्दलही थोडं आहे, कारण खाणं आणि हालचाल यांचा हिशोब वेगवेगळा मांडता येत नाही.

अंगाचं वजन हा परिणाम आहे. तो महिन्या-दोन महिन्यांनी दिसतो, आणि कशामुळे दिसला हे कळत नाही. या आठवड्यात माणशी किती तेल गेलं हे कारण आहे, आणि ते रविवारी संध्याकाळी दोन मिनिटांत कळतं. आहाराच्या शास्त्रीय पाहण्यांत लोकांना नुसतं विचारण्यापेक्षा खाल्लेलं तोलून लिहून ठेवण्याची पद्धत जास्त भरवशाची मानतात, त्याचंही कारण हेच. माणूस खोटं सांगतो असं नाही. तेल, साखर आणि दोन जेवणांमधलं तोंडात टाकणं त्याच्या लक्षातच राहत नाही.

कोणता घ्यावा

बाजारात मोठ्या प्रमाणावर दिसतो तो पांढरा, गोल तबकडीचा, एसएफ-४०० या नमुन्याचा काटा. तो कित्येक नावांनी विकला जातो. किंमत साधारण ३०० ते ६०० रुपये, बारकावा १ ग्रॅमचा (म्हणजे १ ग्रॅमचा फरकही दिसतो), पुढच्या बाजूला तीन बटणं. दुसरा प्रकार चपट्या काचेचा. दिसायला देखणा आणि पुसायला सोपा, पण पुष्कळदा त्यात बटणासारखा गोल सेल असतो, आणि तो ऐन वेळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळेलच असं नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा काटा घ्यावा. क्षमता ५ किलोची पुरते. ३ लिटरचा कुकर आतल्या भातासकट त्यावर मावतो. १० किलोचा घेतला तरी बिघडत नाही, पण त्यावर लिहिलेला बारकावा १ ग्रॅमचाच आहे ना, हे पाहून घ्यावं.

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारे खिशातले छोटे काटे मिठासाठी मोहात पाडतात. त्यांची गरज नाही. मीठ एकेका पदार्थात तोलायचं नसतं, ते बरणीवरून मोजायचं असतं. ते कसं, हे पुढे आलं आहे.

मोबाइलशी जोडले जाणारे काटेही मिळतात. पदार्थ निवडला की ते कॅलरी सांगतात. त्यांच्या यादीत ‘दाल’ असते, पण तुमच्या घरचं पातळ वरण नसतं. जादा पैसे त्यासाठी घालवू नयेत. वही आणि पेन पुरतं.

घरी आणल्यावर तपासणी

दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, घरच्यावर नसतो. म्हणून तपासणी आपणच करायची. ₹ चिन्ह असलेली १० रुपयांची दहा नाणी तबकडीवर ठेवावीत. २०११ पासूनच्या नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम आहे आणि २०१९ पासूनच्या नव्या नाण्याचं ७.७४ ग्रॅम. दोन्ही सरमिसळ झाली तरी दहांचे ७७ ग्रॅम भरतात. काट्याने ७६ ते ७८ दाखवलं तर ठीक. त्याहून जास्त फरक असेल तर बदलून घ्यावा. ₹ चिन्हाच्या आधीची जुनी नाणी यात घालू नयेत, त्यांचं वजन निराळं आहे.

दुसरी तपासणी कडांची. अर्ध्या किलोच्या आसपासची कोणतीही वस्तू आधी मधोमध, मग चारही बाजूंना कडेशी ठेवून पाहावी. तबकडीखाली धातूची एक लहानशी पट्टी असते. वजनाने ती किंचित वाकते आणि त्या वाकण्यावरून आकडा ठरतो. पट्टी नीट बसलेली नसेल तर मधोमध ५०० आणि कडेला ४९२ असा फरक येतो. २ ग्रॅमपर्यंतचा फरक सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट काट्याची नाही, ओट्याची. खाली कापड, वर्तमानपत्र किंवा रबरी चटई नको. चारही पाय घट्ट टेकलेले हवेत. वर पंखा जोरात असेल तर पसरट परातीखाली आकडा नाचत राहतो.

तेल

पहिला आठवडा फक्त तेलाला द्यावा, कारण त्यासाठी रोजच्या स्वयंपाकात काहीच बदलावं लागत नाही. सोमवारी सकाळी तेलाची किटली किंवा बरणी, आतल्या तेलासकट तोलायची आणि आकडा लिहायचा. आठवड्यात नवीन पिशवी ओतली तर तिचं वजन त्यात मिळवायचं. एक लिटर तेल म्हणजे १,००० ग्रॅम नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. रविवारी रात्री पुन्हा तोलायचं. तळणीतून उरलेलं तेल वेगळ्या भांड्यात असेल तर तेही तोलून वजा करायचं. म्हणजे कढईत किती ओतलं याचा प्रश्न उरत नाही, पोटात किती गेलं तेवढंच राहतं.

समजा सोमवारी बरणी २,१४० ग्रॅम होती, रविवारी १,१८० झाली. म्हणजे ९६० ग्रॅम तेल गेलं. चार मोठी माणसं, सात दिवस: माणशी रोज ३४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरीच्या ताटासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. ७ ग्रॅम जास्त, म्हणजे माणशी रोज साठ-पासष्ट कॅलरी. आणि यात तूप, लोणी, बाहेरचा वडा, नाक्यावरची भजी अजून धरलेलीच नाहीत. चौघांचा महिन्याचा हिशोब २७ ग्रॅमने ३,२४० ग्रॅम होतो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास, तूप धरून. किराणा मालाच्या यादीत ५ लिटरचा डबा दर महिन्याला असेल तर काट्याआधीच उत्तर मिळालं.

कमी कुठे करायचं हेही काटा सांगतो. फोडणी घालण्याआधी आणि नंतर किटली तोलली की कळतं की चौघांच्या भाजीत ४० ग्रॅम पडलं की २०. बाटली थेट कढईत वाकडी करण्याऐवजी पोह्याच्या चमच्याने घातलं तर हात आपोआप आवरतो. तुमच्या घरच्या चमच्यात किती ग्रॅम मावतं हे एकदा तोलून दाराच्या आत चिकटवून ठेवावं. चमच्यांची मापं घरोघरी निराळी असतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा कामाचा नाही.

वरण: काट्याचे पैसे इथे वसूल होतात

मराठी घरात ‘आम्ही रोज वरण-भात खातो, म्हणजे प्रथिनं मिळतात’ ही पक्की समजूत आहे. ती एकदाच तोलून पाहावी.

१०० ग्रॅम तूरडाळ घ्या. कुकरला लावा, घोटा, नेहमीसारखं पाणी घाला, उकळी आणा. पातेल्याचं रिकामं वजन आधी लिहून ठेवलेलं असू द्या. तयार वरणासकट पातेलं तोला आणि रिकामं वजन वजा करा. चौघांना दोन वेळा पुरवायचं असेल तर घरोघरी ते १,००० ग्रॅमच्या आसपास भरतं. आता एक वाटी वरण, समजा १५० ग्रॅम. त्यात डाळ आली १५ ग्रॅम. तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या वाटीत सव्वातीन ग्रॅम. प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वाटीभर वरणाने त्यातला किती कोपरा भरला हे दिसतंच.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांतलं दिवसाचं ताट असं आहे: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (मांसाहारींसाठी अंडी, मासे, मांस यांसह) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. शिजलेल्या वाटीची नाहीत. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आता एका साध्या दिवसाचं धान्य मोजा. सकाळी ५० ग्रॅम पोहे, दुपारी प्रत्येकी ४० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या आणि वाटीभर भात (कच्चा तांदूळ ५० ग्रॅम), रात्री ६० ग्रॅम पिठाची दीड भाकरी. ५० अधिक ८० अधिक ५० अधिक ९०, एकूण २७० ग्रॅम. धान्याचा कोटा भरून थोडा वरच गेला. आणि डाळ? दुपारचं वरण १५, रात्रीची आमटी १५, एकूण ३०. ताट भरलेलं दिसतं, पोटही भरतं, पण तोल धान्याकडे झुकलेला आहे. पोट सुटणं, जेवणानंतर साखर चढणं आणि दुसरीकडे स्नायू न टिकणं, या तिन्हींची सुरुवात अशा ताटात असते.

दुरुस्ती बाहेरून काही आणून करायची नाही. १०० ग्रॅम डाळीचं वरण १,००० ऐवजी ६०० ग्रॅम करा, म्हणजे वाटीत २५ ग्रॅम डाळ येईल. किंवा वरण तसंच ठेवून माणशी ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि २५ ग्रॅम बेसनाचं पिठलं घाला: ३० अधिक ३० अधिक २५, झाले ८५. मोड आलेली मटकी कोरड्याच्या साधारण दुप्पट भरते, म्हणून ६० ग्रॅम मोड म्हणजे ३० ग्रॅम मटकी. मासे-अंडी खाणाऱ्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात हा आकडा लवकर गाठला जातो, तिथे तोलायला हवं ते तळणीचं तेल आणि नारळ.

भात आणि भाकरी

शिजलेल्या भातावरून कच्चा तांदूळ काढायचा तर तुमच्या घरचा गुणक एकदा काढून ठेवावा. पातेलं २१४ ग्रॅम, तांदूळ २०० ग्रॅम, शिजल्यावर एकूण ७९४. भात झाला ५८०. ५८० भागिले २००, म्हणजे २.९. आता १५० ग्रॅम भाताची वाटी म्हणजे ५२ ग्रॅम तांदूळ, साधारण १८५ कॅलरी. इंद्रायणीचा आसट भात आणि मोकळा कोलमचा भात यांचे गुणक वेगळे येतात, कारण पाणी वेगळं. त्यामुळे ‘एक वाटी भात म्हणजे इतक्या कॅलरी’ हे छापील वाक्य तुमच्या घरी लागू पडेलच असं नाही.

भाकरीचा उंडा तोलू नये, त्यात पाणी असतं. पीठ तोलावं. परातीत २४० ग्रॅम ज्वारीचं पीठ घेऊन चार भाकऱ्या झाल्या तर एकीत ६० ग्रॅम. ज्वारी, बाजरी आणि न चाळलेली कणीक यांच्यात १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. कॅलरी मात्र या सगळ्यांत ३२० ते ३६० च्या पट्ट्यात. म्हणून ‘भाकरी हलकी असते’ म्हणत दोनाऐवजी तीन खाल्ल्या तर बेरीज तिथेच येते. भाकरीचा फायदा तिच्या तंतूंत आहे, आणि तो दोन भाकऱ्यांतही मिळतो.

मीठ आणि साखर

जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. काटा इथे महिन्यातून दोनदाच वापरायचा. एक तारखेला मिठाची बरणी तोला, शेवटच्या दिवशी तोला. भाज्या धुवायला किंवा लोणचं घालायला काढलेलं मीठ वजा करा. चौघांच्या घरात महिन्याला १ किलोचा पुडा संपत असेल तर माणशी ८.३ ग्रॅम झाले. पापड, लोणचं, पाव, फरसाण यांतलं मीठ त्यात नाही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

कमी करताना एकदम निम्म्यावर आणू नये, घरातले सगळेच वरून मीठ मागू लागतात. दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा कमी करावा, जीभ सरावते. कमी सोडियमचं मीठ हा दुसरा मार्ग. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. त्यात भाग घेतलेले सगळे जण आधी पक्षाघात झालेले किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब असलेले होते. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. शरीरात पोटॅशियम साठलं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो.

साखरेसाठी चहाचा चमचा तोलावा. सपाट चमच्यात ४ ग्रॅम, शीग भरलेल्यात ६-७. दोन सपाट चमच्यांचे तीन चहा म्हणजे २४ ग्रॅम. दिवसाला २५ ग्रॅमची मर्यादा चहातच संपते. गूळ घातला तरी तो याच हिशोबात येतो.

भाजी

भाजी निवडल्यानंतर तोलायची. मेथीची जुडी निवडून झाली की बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास पानं हाती लागतात, आणि कढईत ती मूठभर होतात. चौघांना माणशी ४०० ग्रॅम म्हणजे रोज १.६ किलो निवडलेली भाजी. यात बटाटा धरलेला नाही. बहुतेक घरांना हा आकडा पहिल्यांदा अशक्य वाटतो. फळभाजीची एक मोठी वाटी १५०, काकडी-गाजराची कोशिंबीर १००, आमटीत शेवगा किंवा दुधी ५०, रात्री पालेभाजी १०० असं वाटून घेतलं तर जमतं. कोशिंबिरीवरचं दाण्याचं कूट ३५ ग्रॅमच्या खात्यात लिहावं, भाजीच्या नाही.

कुठे फसवतो

चिमूटचिमूट टाकलेलं तो मोजत नाही. शून्यावर असताना अगदी थोडं वजन पडलं तर काटा त्याला आपलीच चूक समजून पुन्हा शून्य दाखवतो. हळूहळू १० ग्रॅम जिरं टाकलं तरी पडद्यावर ४-५ दिसू शकतात. उपाय असा की रिकामी वाटी ठेवून शून्य करू नये, म्हणजे बटण दाबून आकडा शून्यावर आणू नये. वाटीचे ६२ ग्रॅम दिसू द्यावेत आणि जिरं टाकल्यावर ७२ होईपर्यंत टाकावं. दुसरा उपाय, बरणीच काट्यावर ठेवून शून्य करावं आणि तिच्यातून एकदम काढून घ्यावं. उणे १० दिसलं की झालं.

दोनेक मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद पडतो, आणि मघाशी शून्य केलेलं भांड्याचं वजन विसरतो. भाजी निवडत बसल्यावर हे हमखास होतं. म्हणून नेहमीच्या चार-पाच पातेल्यांची वजनं त्यांच्या तळाला पक्क्या शाईने लिहून ठेवावीत.

मोठी परात ठेवली की पडदा झाकला जातो. एक लहान, जड वाटी तबकडीवर पालथी ठेवून शून्य करावं आणि तिच्यावर परात ठेवावी. आकडा मोकळा दिसतो.

मिलिलिटर दाखवणारं बटण असेल तर ते फक्त पाण्यासाठी खरं आहे. तेल त्यात कमी दिसतं. आणि चुकून ‘युनिट’ दाबलं गेलं की ग्रॅमऐवजी औंस येतात. आकडा एकाएकी फार लहान झाला तर आधी ते पाहावं.

गरम पातेलं थेट ठेवू नये. खालची पट्टी तापते, आकडा सरकत राहतो, प्लास्टिकही वाकतं. पाट किंवा लाकडी फळी ठेवून शून्य करावं, मग पातेलं. पीठ तबकडीच्या फटीत बसलं की ती मोकळी हलत नाही आणि वजन काढल्यावरही ३-४ ग्रॅम दाखवत राहते. मऊ कुंचल्याने फट साफ करावी, नळाखाली धरू नये. ठेवताना वर डबे रचू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज तोलू नये. तीन दिवस तोलावं, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा, दर तीन महिन्यांनी. रोज तोलायला गेलेली वही दहाव्या दिवशी बंद पडते.

टेप आणि मनगटावरचा पट्टा

शिंप्याची दीड मीटरची टेप १० ते ३० रुपयांत मिळते, आणि पोटाच्या घेरासाठी तीच पुरे. पायाखालून वीज सोडून ‘शरीरातली चरबी’ सांगणारे काटे तिच्यापुढे महाग आणि कमी भरवशाचे. त्यांची वीज एका पायातून दुसऱ्या पायात जाते, पोटाची चरबी ते अंदाजाने लावतात, आणि कमी-जास्त पाणी प्यायलं तरी आकडा बदलतो. पेसमेकर असणाऱ्यांनी तर त्यावर उभंच राहू नये.

घेर मोजायची जागा पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी बांधतो ती नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यावर. ओढायची नाही. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. प्लास्टिकची जुनी टेप ताणून लांब होते आणि घेर कमी दाखवते. वर्षातून एकदा ती स्टीलच्या पट्टीशी लावून पाहावी.

मनगटी पट्टा पावलं आणि विश्रांतीतले ठोके बऱ्यापैकी सांगतो. ‘इतक्या कॅलरी जळल्या’ हा त्याचा आकडा खाण्यासाठी वापरू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात यंत्रं तपासली. कॅलरीत सगळ्यात बरं निघालेलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं होतं. रोजची १०,००० पावलं हा आकडाही कुठल्या वैद्यकीय चाचणीतून आलेला नाही. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊल-मापकाच्या नावातून रुळला. त्याऐवजी वेग पाहावा: मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम व्यायाम. हे साध्या घड्याळावर मोजता येतं. अशी चाल आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम: उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं.

अर्धा तास भरभर चालण्यात ६५ किलोच्या माणसाच्या साधारण १२० ते १४० कॅलरी जातात, १५ ग्रॅम तेलाएवढ्या. म्हणून चालून तेल फेडता येत नाही. पण चालण्याचं मोल कॅलरीत नाहीच. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यानंतर दिवसभर तरी इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडतं. चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालणं यांचा नेटाने सल्ला देत राहिल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही अंगाचं वजन फारसं न उतरता. अंगाच्या काट्यावरचा आकडा हलत नाही म्हणून खचून जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कोणी घेऊ नये

खाण्याची धास्ती असणाऱ्या, घास मोजून खाण्याच्या नादात जेवण टाकणाऱ्या माणसाच्या हाती हा काटा देऊ नये. त्याला आधी माणसाची मदत हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी धान्य एकदम कमी केलं तर साखर खाली जाऊ शकते, त्यांनी वहीतले आकडे डॉक्टरांना दाखवून औषधाची मात्रा आधी ठरवून घ्यावी. आणि मुलांचं ताट यावर ठेवूच नये. घरच्या पातेल्याचा, बरणीचा, किटलीचा हिशोब तोला, मुलाला भूक लागेल तेवढं वाढा. त्याची वाढ पाहायची तर अंगणवाडीत वयाप्रमाणे उंची आणि वजनाचा तक्ता असतो, दर महिन्याला त्यावर टिंब पडतं आणि रेष वर चाललेली दिसते.